समुद्राच्या तळावरचे घर

नेदरलँड्समध्ये परवडणारे घर म्हणजे बहुतेक वेळा १९७० किंवा १९८० च्या दशकात बांधलेले, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागलेले, पुढे चिमूटभर आणि मागे हातभर बाग असलेले दुमजली घर. वर उतरते कौलारू छप्पर आणि त्याखाली पोटमाळ्याची खोली. खाली दिवाणखाना एकच, पण त्याच्या दोन्ही टोकांना मोठ्या खिडक्या असल्यामुळे सकाळचे ऊन रस्त्याकडून आले तर संध्याकाळचे बागेकडून येते. बागेच्या टोकाला लाकडी खोपट, त्यात सायकली आणि कचऱ्याचे चाकांचे डबे. खोपटामागून एक अरुंद बोळ जाते आणि शेजारीपाजारी तिथूनच जा-ये जास्त करतात. देशातल्या दर दहा घरांपैकी सुमारे चार घरे अशी रांगेतली आहेत.

ही घरे ज्या वस्त्यांत आहेत त्या मुद्दाम शांत ठेवल्या गेल्या. १९६० नंतर ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेग ही शहरे दाटू लागली, तेव्हा सरकारने काही गावे वाढीसाठी निवडली. झूटरमीर, पुरमरेंड, होर्न, आल्मेरे, लेलीस्टाड ही त्यांतली काही नावे. साठच्या दशकातल्या सरळसोट, एकसारख्या इमारतींचा वीट आल्यावर सत्तरच्या दशकातील नियोजनकारांनी रस्ते वाकवले. मुख्य रस्त्यापासून गल्ली फुटते, गल्लीतून आणखी छोटी गल्ली, आणि शेवटी आठ-दहा घरांचे अंगण. नकाशात ही रचना फुलकोबीच्या गड्ड्यासारखी दिसते, म्हणून डच माणसे या वस्त्यांना फुलकोबी वस्त्याच म्हणतात. अंगणासारख्या या गल्ल्यांना १९७६ मध्ये कायद्याने वेगळा दर्जा मिळाला. निळी पाटी लावलेल्या अशा गल्लीत मोटारीला पायी चालणाऱ्याच्या वेगाने जावे लागते आणि रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाचा हक्क मोटारीच्या आधी येतो. तिथून पलीकडे जाता येत नसल्यामुळे ज्याचे तिथे काम नाही, तो तिथे येतच नाही. शांततेचे खरे कारण हेच आहे.

लेलीस्टाड हे या साऱ्याचे ठळक उदाहरण. जिथे हे शहर उभे आहे तिथे १९५७ पर्यंत पाणी होते. त्या वर्षी पूर्व फ्लेव्होलँडचा पोल्डर, म्हणजे बांध घालून पाणी उपसलेली जमीन, कोरडी झाली आणि १९६७ मध्ये पहिली कुटुंबे राहायला आली. समुद्राचा हा फाटा अडवण्याची योजना ज्यांनी आखली, त्या अभियंता कॉर्नेलिस लेली यांचे नाव शहराला दिले गेले. शहर समुद्रसपाटीच्या सुमारे तीन मीटर खाली आहे. जुन्या वस्त्यांची नावे बोटी-जहाजांची आहेत: बॉटर, ट्याल्क, कारफेल. पत्त्यात वस्तीचे नाव आणि त्यापुढे दोन आकडे येतात, पहिला गल्लीचा आणि दुसरा घराचा. मोटारींचे मोठे रस्ते भरावावर आणि पायी व सायकलने जाणाऱ्यांचे मार्ग त्यांच्यापासून वेगळे, अशी आखणी सुरुवातीपासून असल्यामुळे लहान मूल मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोचू शकते.

घरे इथे ॲमस्टरडॅमपेक्षा बरीच स्वस्त आहेत. २०२४ मध्ये देशभर विकल्या गेलेल्या जुन्या घरांची सरासरी किंमत साडेचार लाख युरोंच्या आसपास होती. लेलीस्टाडमध्ये ती त्याहून बरीच खाली राहते. अंतर हे एक कारण. आगगाडी इथे १९८८ मध्ये आली आणि आता पाऊण तासाच्या आत ॲमस्टरडॅमला पोचता येते, पण रोज जाऊन-येऊन जवळपास दीड तास जातोच. ॲमस्टरडॅमलगतच्या ॲमस्टेलव्हेनमध्ये भाड्याने राहणारी मराठी कुटुंबे घर विकत घ्यायचे ठरवतात, तेव्हा आल्मेरे आणि त्याच्या पुढच्या गावांकडे वळतात ती हाच हिशेब करून. दुसरे कारण घराच्या वयात आहे, आणि त्याकडे खरेदीदाराने अंतरापेक्षाही जास्त लक्ष द्यायला हवे.

घराची जाहिरात बहुतेक वेळा फुंडा या संकेतस्थळावर येते. तिथे दिलेल्या किमतीपुढे दोन अक्षरे असतात. ‘के. के.’ म्हणजे हस्तांतरणाचा खर्च खरेदीदाराचा. जुन्या घरांना हेच लागू असते. नव्या बांधकामाच्या किमतीत तो खर्च धरलेला असतो. जाहिरातीत क्षेत्रफळ ठरलेल्या मोजणी-नियमाप्रमाणे दिलेले असते, त्यामुळे कार्पेट आणि सुपर बिल्टअप असा घोळ होत नाही. ऊर्जेचे लेबल हिरव्या ए पासून तांबड्या जी पर्यंत असते. सत्तरच्या दशकातल्या, दुरुस्ती न झालेल्या घराचे लेबल खालच्या अक्षरांत असणे स्वाभाविक आहे, आणि याचा परिणाम हिवाळ्यातल्या गॅसच्या बिलापुरता राहत नाही. २०२४ पासून चांगल्या लेबलच्या घरासाठी बँक जास्त कर्ज देऊ शकते.

घराविषयीची बरीच माहिती सरकारी नोंदींत उघडी आहे. नगरपालिका दरवर्षी प्रत्येक घराचे मूल्य ठरवते आणि ते कोणालाही पाहता येते. मालकी, गहाण, वाटेचे हक्क कडास्टरमध्ये, म्हणजे १८३२ पासून चालत आलेल्या भूमिअभिलेख कार्यालयात, थोडे शुल्क भरून बघता येतात. आपल्याकडच्या मिळकतपत्रिकेसारखीच ही सोय, घरबसल्या काही मिनिटांत मिळणारी. आवाज आणि हवेचे नकाशेही सरकारी संकेतस्थळावर आहेत. शांतता पारखायची तर रविवारी दुपारी एक चक्कर मारून भागत नाही. रुळांवरून रात्री मालगाड्या जातात का आणि विमानांचा मार्ग कुठून आहे, हे तिथे पाहावे लागते. मागच्या मोकळ्या कुरणाचे काय होणार, हे नगरपालिकेच्या जमीनवापर आराखड्यात कळते. खिडकीतून दिसणारी हिरवळ विक्रेता विकत नाही, कारण ती त्याची नसते.

घर बघायला साधारण वीस-तीस मिनिटे मिळतात, आणि पुढचे कुटुंब दाराबाहेर उभे असते. या वेळात स्वयंपाकघराच्या ओट्याकडे सगळे बघतात. जाणकार माणूस आधी पायपुसणे उचलतो. डच घरांत पुढच्या दारामागच्या पायपुसण्याखाली बहुधा एक झाकण असते आणि त्याखाली फरशी व जमीन यांच्यामधली, रांगत जाण्याइतकी पोकळी. झाकण उघडताच ओलीचा वास येतो का, तळाशी पाणी साचले आहे का, नळांवर वेष्टण आहे का, हे दिसते. बॅटरीचा झोत फरशीच्या खालच्या अंगावर टाकला तर आणखी एक गोष्ट कळते. साधारण १९६५ ते १९८० या काळात बसवलेल्या काही तयार काँक्रीटच्या फरश्यांत, काँक्रीट लवकर घट्ट व्हावे म्हणून क्लोराइड मिसळले जाई. त्याने आतल्या सळ्या गंजतात, फुगतात आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. तांबूस डाग आणि तडे दिसले तर दुरुस्तीचा खर्च हजारो युरोंत जातो. १९९४ च्या आधीच्या घरात ॲस्बेस्टॉसची शक्यताही धरावी लागते. खोपटाचे पन्हळी छप्पर ही त्याची नेहमीची जागा.

पोल्डरमधल्या घराला स्वतःचा एक स्वभाव असतो. घर खोल खुंटांवर उभे असते, पण बाग मात्र चिकणमातीवर, आणि ती माती पाणी निघून जाईल तशी वर्षानुवर्षे खचत राहते. म्हणून दाराशी एखादी पायरी नंतर वाढवलेली दिसते, अंगणातल्या फरश्या मधोमध दबलेल्या असतात, आणि काही वर्षांनी घरमालक ट्रकभर माती आणून बाग पुन्हा उचलून घेतात. हा दोष नव्हे, पण खर्च आहे.

डच कायदा विक्रेत्यावर माहिती सांगण्याचे बंधन घालतो आणि खरेदीदारावर चौकशी करण्याचे. विक्रेता लांबलचक प्रश्नावली भरून देतो: छप्पर कधी गळले, शेजाऱ्याशी हद्दीवरून वाद आहे का, तेलाची टाकी जमिनीत पुरलेली आहे का. सोबत वस्तूंची यादी असते. पडद्यांचे दांडे, जमिनीवरचे लॅमिनेट, ओव्हन, दारावरची घंटा यांपैकी काय राहणार आणि काय जाणार, हे एकेका ओळीत लिहिलेले. विक्रेता फरशीवरचे आच्छादनही सोलून नेऊ शकतो, हे यादी न वाचणाऱ्याला किल्ली मिळाल्यावर कळते. काही शे युरो देऊन बांधकाम-तपासनीसाचा अहवाल घ्यावा. जुन्या घराच्या बाबतीत ही काटकसरीची जागा नाही.

पैशाचे गणित बोली लावण्याच्या आधी मांडलेले असावे. २०१८ पासून बँक घराच्या मूल्यांकित किमतीच्या १०० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, ऊर्जाबचतीच्या कामांसाठी थोडे अधिक. पण हा टक्का मूल्यांकनाचा, बोलीचा नव्हे. समजा, मूल्यांकन ३,५०,००० युरोंचे झाले आणि चुरशीत बोली ३,७०,००० ची लागली. वरचे २०,००० खिशातून. शिवाय बोलीच्या पूर्ण रकमेवर २ टक्के हस्तांतरण कर, म्हणजे ७,४००. नोटरी, मूल्यांकन आणि कर्जसल्लागार यांचे मिळून आणखी काही हजार. खरेदीदार ३५ वर्षांखालचा असेल, घर स्वतः राहण्यासाठी असेल आणि किंमत ठरावीक मर्यादेत (२०२५ मध्ये ५,२५,००० युरो) असेल, तर आयुष्यात एकदा हा कर माफ होतो. स्वस्त वस्तीचा आणखी एक फायदा राष्ट्रीय गहाण-हमीत आहे. २०२५ मध्ये ४,५०,००० युरोंपर्यंतच्या घराला ही हमी मिळत होती. कर्जाच्या ०.४ टक्के रक्कम एकदाच भरायची. त्या बदल्यात व्याजदर कमी लागतो, आणि घटस्फोट, बेकारी किंवा जोडीदाराच्या मृत्यूमुळे घर तोट्यात विकावे लागले तर उरलेले कर्ज बहुधा हमीतून भागते.

व्याजदर दहा, वीस किंवा तीस वर्षांसाठी पक्का करून घेण्याची पद्धत आहे, त्यामुळे हप्ता मध्येच वाढत नाही. व्याजावर करसवलत हवी असेल तर २०१३ पासूनच्या नियमाप्रमाणे मुद्दल तीस वर्षांत पूर्ण फिटले पाहिजे. कर्जाच्या अर्जात इतर देशांतली कर्जेही सांगावी लागतात. पुण्यातल्या फ्लॅटचा चालू हप्ता लपवून ठेवण्याजोगा नसतो, आणि तो धरला की डच कर्जाची मर्यादा चांगलीच खाली येते.

बोली बहुधा बंद पाकिटासारखी असते. दुसऱ्याने किती लावली हे दिसत नाही. विक्रेत्याचा माकेलार, म्हणजे घरांचा दलाल, फक्त विक्रेत्याच्या हिताचा असतो, म्हणून भाषा आणि भाव दोन्ही न कळणाऱ्याने स्वतःचा माकेलार नेमणे शहाणपणाचे. बोली स्वीकारली गेली तरी तोंडी होकाराला कायद्यात वजन नाही. लेखी करार, म्हणजे आपल्या भाषेत साठेखत, दोघांनी सही केल्यावरच बांधतो. त्याची प्रत हाती पडल्यावर खरेदीदाराला तीन दिवस मिळतात. त्यात तो कारण न देता माघार घेऊ शकतो. विक्रेत्याला ही मुभा नाही. त्यानंतर सुटका फक्त करारात लिहिलेल्या अटींनी होते: कर्ज मिळाले नाही तर, किंवा तपासणीत ठरावीक रकमेपेक्षा जास्त दुरुस्ती निघाली तर. चुरस जिंकण्यासाठी कर्जाची अट गाळून बोली लावणारे असतात. बँकेने नकार दिला तर त्यांना किमतीच्या १० टक्के दंड भरावा लागतो. तेवढीच रक्कम इसार म्हणून नोटरीकडे ठेवावी लागते, किंवा तिची बँकहमी द्यावी लागते.

खरेदीखत नोटरीसमोर होते. डच नोटरी हा शिक्का मारून देणारा माणूस नव्हे. तो दोन्ही बाजूंसाठी तटस्थ राहणारा कायदेतज्ज्ञ असतो, सगळे पैसे त्याच्या खात्यातून फिरतात आणि जुने गहाण फिटल्याची खात्री तोच करतो. खरेदीदाराला डच नीट कळत नसेल तर दुभाषी बोलवावा लागतो. त्याच दिवशी सकाळी घराची शेवटची पाहणी होते, मीटरचे आकडे टिपले जातात, आणि सह्या झाल्यावर किल्ल्या टेबलावरून सरकतात. दस्त कडास्टरमध्ये नोंदला गेला की मालकी बदलते.

राहायला गेल्यावर पाच दिवसांच्या आत नगरपालिकेत नवा पत्ता नोंदवावा लागतो. वर्षाकाठी घरपट्टी येते, आणि तिच्याशिवाय जलमंडळाचे वेगळे बिल. लेलीस्टाडच्या वेशीवरचे वोर्टमन पंपघर पोल्डर कोरडा करण्यासाठी बांधले गेले आणि आजही चालू आहे. दिवाणखान्याची फरशी कोरडी राहते ती त्याच्यासारख्या पंपांमुळे, आणि प्रत्येक घरमालक त्या बिलातून आपला वाटा भरतो.