सॉफ्टवेअरच्या उत्पन्नात वाटा कशावर?

भिवंडीत कापडाचा बराच व्यवहार जबानीवर चालतो. बीम कोणाचे, मजुरी पिकामागे किती पैसे, डॅमेज कोणाच्या माथी, हे दोन्ही बाजूंना तोंडपाठ असते. त्याच भरवशावर आम्ही ओळखीच्या एका तरुणाकडून यार्न, बीम व ताग्यांच्या हिशेबाचा प्रोग्राम करून घेतला. पैसा आमचा, धंद्याची माहितीही आमची. पुढे त्याने तोच प्रोग्राम इतर कारखानदारांना विकला. वाटा मागितला तर म्हणाला, "चाचा, लिहिला तर मीच ना!" वकिलांनी कागद मागितला. कागद कुठून आणणार?

कायदाही त्याच्या बाजूने निघाला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे प्रोग्राम लिहिणारा हाच पहिला मालक. पगारी नोकराने नोकरीच्या कामात लिहिला, तर वेगळा करार नसल्यास मालकी शेठची; परंतु ठेक्याने करून घेतलेल्या कामाला ही सवलत नाही. मालकी दुसऱ्याकडे जाते ती लेखी आणि सहीनिशीच. त्या लेखात मुदत नसेल तर पाच वर्षे, प्रदेश नसेल तर फक्त भारत, असे धरले जाते.

दुसऱ्या वेळी आम्ही करारनामा केला. लायसन्सच्या रकमेत आमचा 30 टक्के वाटा, ग्राहकासाठी केलेल्या बदलांच्या पैशात काही नाही. वाचायला बरे वाटले. आता हिशेब पाहा. ग्राहकाने 50,000 रुपये दिले. बिलात लायसन्स 40,000 लावले तर आम्हाला 12,000. तेच लायसन्स 10,000 आणि बदल 40,000 लिहिले तर आमच्या हाती 3,000! ग्राहकाच्या खिशातून गेले तेवढेच. याला चोरी म्हणता येत नाही, कारण बदलाला खरोखरच रात्री जागाव्या लागतात. त्या मेहनतान्यात वाटा मागणे आम्हालाही पटत नाही.

उपाय असा की लायसन्सची किमान किंमत करारातच लिहावी. बिल कमी झाले तरी वाटा त्या किमतीवर. बदलाचे काम तासांच्या नोंदीवर ठरल्या दराने, त्यावरची रक्कम लायसन्समध्ये धरावी. एका ग्राहकासाठी केलेला बदल मूळ प्रोग्राममध्ये घालून सर्वांना विकला, तर ती विक्री लायसन्सचीच. वार्षिक देखभालीच्या फीचा वाटाही तेव्हाच ठरवावा, तो नेहमी विसरला जातो.

वाटा बिलावर नव्हे, वसुलीवर ठेवावा. आपल्या बाजारात 90 दिवसांचे बिल कधी येते आणि वटाव किती कापून येते, हे व्यापारी बांधवांना सांगायला नको. जीएसटी आधी वजा करावा, तो सरकारचा पैसा. दर तीन महिन्यांनी बिलांच्या प्रती पाहण्याचा हक्क लिहून घ्यावा. ही भागीदारी फर्म नाही, असेही स्पष्ट लिहावे. नाहीतर एकाच्या देण्यासाठी दुसऱ्याच्या दारात तगादा येऊ शकतो.

करार संपल्यावर जुन्या ग्राहकांच्या पैशाचे काय? आमच्या कागदात हे कलम नव्हते. त्यावर सध्या बोलणी चालू आहेत.