एक सातबारा, चार चुली

मुळशी धरणाच्या काठावर उभं राहा आणि मनानं शंभर वर्षं मागं जा. पायाखालचा मुळशी पेटा इंग्रजांच्या पुणे जिल्ह्यातला. उत्तरेचा डोंगर ओलांडून पवन मावळात उतरलात की लागतं भोर संस्थान. दक्षिणेला मोसे खोऱ्यापलीकडे तोरण्याच्या अंगाला गेलात, तरी भोरच. बरं, सह्याद्रीची धार उतरून सुधागडाच्या पायथ्याशी पालीला पोचलात, तर तिथंही भोर! तीन दिशांना परमुलूख. पाव्हण्यांकडे जाता जाता माणूस राज्य बदलत होता.

पण हे राज्य खरं होतं की भातुकलीचं? याचं उत्तर एका कागदाच्या कपट्यावर सापडतं. भोरनं १८७९ मध्ये स्वतःची टपाल तिकिटं काढली, अर्ध्या आण्याचं आणि एक आण्याचं. हातकागदावर ठसा उमटवायचा, कडेला भोकं नाहीत, सरळ कापून घ्यायची. १९०१ च्या तिकिटावर तर भोरचे राजे, पंत सचिव शंकरराव, स्वतः विराजमान झाले. ज्याचं तिकीट त्याचं राज्य, असं वाटतं ना? गंमत पुढं आहे. हे तिकीट फक्त भोरच्या हद्दीत चालायचं. पत्र पुण्याला जायचं असेल तर त्यावर इंग्रज सरकारचंच तिकीट हवं! सार्वभौम सत्ता नेमकी कुठं संपते, हे त्या चिकटवलेल्या कपट्यावर बोट ठेवून दाखवता येतं.

मग हा प्रकार ‘देश’ म्हणायचा का? जगात आजही असे देश आहेत, आणि त्यांना उजळ माथ्यानं देशच म्हणतात. एकत्र कुटुंब डोळ्यांसमोर आणा. सातबारा एक, चुली चार. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड या चुली, आणि सातबाऱ्यावर नाव युनायटेड किंगडमचं. संयुक्त राष्ट्रांत खुर्ची एक, लष्कर एक. पण फुटबॉलच्या मैदानात? तिथं चौघांचे चार संघ. १८७२ मध्ये ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड भिडले, तो पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना मानला जातो. म्हणजे फुटबॉलचा पहिला ‘आंतरराष्ट्रीय’ सामना एकाच सार्वभौम राष्ट्राच्या पोटात झाला!

नेदरलँड्सच्या राज्यातही असेच चार देश आहेत. अरुबा १९८६ पासून, कुरसाव आणि सिंट मार्टेन १० ऑक्टोबर २०१० पासून, आणि चौथा खुद्द नेदरलँड्स. अरुबा कॅरिबियन समुद्रातलं चिमुकलं बेट, पण त्याला स्वतःचं चलन, स्वतःची संसद, स्वतःचा पंतप्रधान. नागरिकत्व मात्र डच. डेन्मार्कच्या राज्यातल्या ग्रीनलंडची तऱ्हा त्याहून न्यारी. त्यानं १९८५ मध्ये युरोपीय समुदाय सोडला, पण डेन्मार्क आतच राहिला. एकाच घरातला धाकटा सोसायटीतून बाहेर, थोरला सभासद!

मला या सगळ्यात सर्वांत जास्त चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळीच आहे. स्कॉटलंडला संसद आहे, वेल्सला आहे, उत्तर आयर्लंडला विधिमंडळ आहे. इंग्लंडला? नाही! सगळ्यांत थोरल्या भावाला कारभाराची वेगळी चूलच नाही. त्याचा स्वयंपाक वेस्टमिन्स्टरच्या सामायिक माजघरात होतो. बरं, हे एकट्या ब्रिटनचं नाही. डच मंत्रिमंडळात तिन्ही धाकट्या देशांचा एकेक प्रतिनिधी येऊन बसला की झालं साऱ्या राज्याचं मंत्रिमंडळ. आणि कोपनहेगनची संसद डेन्मार्कचीही आणि सबंध राज्याचीही. का? कारण थोरला इतका मोठा आहे, की त्याचं घर आणि वाडा यांत फरकच उरत नाही. त्यामुळं वेगळं विधिमंडळ मागण्याची निकड पडते ती धाकट्यांना. सामायिक माजघरात हुकूम कोणाचा चालतो, हे सांगायला नकोच.

एक सातबारा आणि अनेक चुली ही अवस्था आपल्याकडेही येऊन गेली, फक्त औटघटकेची. १५ ऑगस्ट १९४७ ला संस्थानांवरची इंग्रजांची अधिसत्ता संपली. भारतात सामील होणाऱ्या संस्थानांनी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय दिल्लीकडे सोपवले. बाकी कारभार, निदान कागदावर, त्यांचा त्यांच्याकडे. अरुबाच्या माणसाला ही मांडणी चटकन कळली असती! पण ८ मार्च १९४८ ला भोर मुंबई प्रांतात विलीन झालं आणि आपली गाडी दुसऱ्याच रुळावर गेली. आपल्या राज्यघटनेनं राज्यांचा संघ केला खरा, पण राज्यांच्या सीमा आणि नावं बदलण्याचा अधिकार संसदेच्या हाती ठेवला.

भोर संस्थानाचे तालुके होते विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवन मावळ. प्रचंडगड म्हणजे आपला तोरणा. मुळशीच्या दक्षिणेला खेटून असलेल्या वेल्हे तालुक्याचं नाव अलीकडेच बदललं. नवं नाव राजगड. पंत सचिवांच्या दप्तरात ते आधीपासूनच होतं.