निरुपद्रवी गाठ, उपद्रवी झटके

'ब्रेन ट्यूमर' हे शब्द कानी पडताच कुटुंबाच्या पायाखालची वाळू सरकते. परंतु मेंदूतील प्रत्येक गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. काही दुर्मिळ गाठी वर्षानुवर्षे जेमतेम वाढतात आणि क्वचितच जिवावर उठतात. त्यांचा उपद्रव वेगळाच असतो: औषधांना न जुमानणारे अपस्माराचे झटके, म्हणजेच फिट्स.

'डिसएम्ब्रियोप्लास्टिक न्यूरोएपिथेलियल ट्यूमर' ऊर्फ 'डीनेट' ही त्यांपैकीच एक. फ्रान्समधील विकृतिशास्त्रज्ञ कॅथरीन डॉमा-ड्यूपोर व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ३९ रुग्णांच्या अभ्यासातून तिला स्वतंत्र ओळख दिली. त्यातील काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन देण्यात आले होते. प्रत्यक्षात, ते न घेतलेल्यांचीही गाठ पुन्हा वाढली नव्हती. अचूक निदानाने अनावश्यक उपचार टळतात, ते असे.

डीनेट आणि तिच्याच जातकुळीतील 'गँग्लिओग्लिओमा' या गाठी बहुधा कानशिलामागील 'टेम्पोरल लोब'मध्ये, मेंदूच्या बाह्य थरात आढळतात. या थरातील चेतापेशी विद्युत संदेशांवर चालतात. गाठीत, तसेच अनेकदा तिच्या भोवतालच्या भागातही, पेशींची रचना विस्कळीत असते. त्यामुळे संदेशांचा तोल ढळतो आणि झटका येतो. गाठ सुपारीएवढी असली तरी तेवढे पुरते.

झटका म्हणजे हातपाय झाडणे आणि तोंडाला फेस, एवढेच आपल्याला ठाऊक असते. येथे मात्र मूल काही क्षण शून्यात बघते, ओठ चावल्यासारखे करते किंवा पोटातून काहीतरी वर सरकल्याची तक्रार करते. शाळेत त्याला 'लक्ष नाही' म्हणून बोलणी बसतात. घरी कांदा नाहीतर चप्पल हुंगवली जाते. (या उपायाने झटका थांबत नाही, तो बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप ओसरतो, इतकेच.)

साध्या सीटी स्कॅनमध्ये अशी छोटी गाठ निसटू शकते. अपस्माराच्या दृष्टीने बारकाईने केलेला एमआरआय अधिक विश्वासार्ह ठरतो. योग्य निवडलेली आणि पुरेशा मात्रेत घेतलेली दोन औषधे निष्फळ ठरली, तर तो 'औषधाला दाद न देणारा अपस्मार' समजावा, अशी व्याख्या आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेने २०१० मध्ये केली. तरीही तिसरी, चौथी गोळी बदलण्यात अनेकांची उमेदीची वर्षे जातात.

युरोपातील १२ देशांतील ९,५२३ शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अपस्मारासाठी काढलेल्या मेंदूच्या भागात सुमारे २४ टक्के रुग्णांमध्ये गाठ सापडली. गाठ पूर्णपणे काढता आली, तर बहुसंख्य रुग्णांचे झटके थांबतात. उशीर कमी, तितकी शक्यता अधिक. भाषा वा स्मरणशक्तीच्या केंद्रालगत गाठ असल्यास जोखीम वाढते, म्हणून आधी व्हिडिओ-ईईजी व अन्य चाचण्या होतात. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेसह काही केंद्रांत ही सोय आहे. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी गोळ्या लगेच बंद होत नाहीत. डॉक्टर त्या सावकाश, टप्प्याटप्प्याने कमी करतात.