कापड-व्यवस्थापन, तयार कपड्यांच्या उद्योगातील

कापड-व्यवस्थापन, तयार कपड्यांच्या उद्योगातील : तयार कपडे शिवणाऱ्या कारखान्याला लागणारे कापड निश्चित करणे, ते मिळविणे, तपासणे, साठविणे आणि बेतणी खात्याकडे योग्य प्रमाणात सोपविणे, या कामांच्या समुच्चयास कापड-व्यवस्थापन व ते पाहणाऱ्या अधिकाऱ्यास कापड-व्यवस्थापक म्हणतात. व्यवहारात ‘फॅब्रिक मॅनेजर’ हेच नाव रूढ आहे. शर्ट, पाटलोण, गणवेश यांसारख्या साध्या कपड्यांच्या उत्पादनखर्चात निम्म्याहून अधिक वाटा सामान्यतः कापडाचा असतो. शिवण चुकली तर ती उसवता येते. कात्री चाललेले कापड मात्र पुन्हा अखंड होत नाही. म्हणून कापडातील दोष कात्रीपूर्वी शोधणे आणि तो कोणत्या टप्प्यावर उत्पन्न झाला हे ठरविणे, हे या पदाचे मुख्य काम होय.

भारतीय वस्त्रपरंपरेत या कामाची फारशी गरज नव्हती. साडी, धोतर, उपरणे ही मागावरून उतरतानाच पूर्ण वस्त्रे असतात. ती बेतावी लागत नाहीत. नाशिक जिल्ह्यातील येवल्याची पैठणी हे याचे ठळक उदाहरण होय. तिच्या पदरातील वा काठातील उणीव ही विणकराच्या डोळ्यांसमोरच असते. शिवलेल्या कपड्यांसाठी ग्राहक स्वतः कापड निवडून शिंप्याकडे देत असे व त्याची जबाबदारीही त्याच्याकडेच राही. पुढे मुंबईतील संयुक्त गिरण्यांत सूत, विणाई, रंगाई आणि परिष्करण ही सर्व खाती एका आवारात आली. तेथे दोषाचा माग काढणे तुलनेने सोपे होते, कारण फोल्डिंग खात्यात आढळलेला दोष थेट साचेखात्यापर्यंत नेता येई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर यांतील अनेक गिरण्या पूर्ववत चालू शकल्या नाहीत, आणि आधीपासूनच वाढत असलेल्या यंत्रमाग क्षेत्राकडे कापडाचे उत्पादन आणखी वेगाने सरकले. सूत एका गावचे, विणाई दुसऱ्या गावची व रंगाई तिसऱ्या राज्यातील, अशी स्थिती आली. या विखुरलेल्या साखळीच्या अखेरच्या टोकाला उभे राहून मागचा हिशेब लावणारा माणूस कारखान्यांना आवश्यक वाटू लागला. १९७४ पासून चालू असलेली बहुतंतू करारानुसारची निर्यात-कोट्याची पद्धत १ जानेवारी २००५ रोजी पूर्णपणे संपली. त्यानंतर परदेशी ग्राहकांनी कापडाच्या कसोट्या अधिक कडक केल्या व या पदाचे महत्त्व वाढले.

महाराष्ट्रात भिवंडी, मालेगाव व इचलकरंजी ही यंत्रमागाची प्रमुख केंद्रे आहेत. मालेगाव नाशिक जिल्ह्यातच, मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. नाशिक शहरातील द्वारका चौकात हा महामार्ग व नाशिक-पुणे रस्ता एकमेकांस मिळतात. त्यामुळे मालेगावहून मुंबई-भिवंडीच्या व्यापाऱ्यांकडे निघालेल्या गाठींची वाहतूक नाशिकमध्ये याच भागातून होत आली आहे. मालेगावातून बाहेर पडणारे कापड बहुतांशी कोरे, म्हणजे खळीसह व रंगाईपूर्व अवस्थेतील असते. त्यातील बरेचसे रंगाई व छपाईसाठी पाली, बालोतरा यांसारख्या राजस्थानातील केंद्रांकडे जाते. परिणामी ज्याच्या मागावर कापड विणले गेले त्याला ते रंगल्यावर कसे दिसते हे सहसा पाहावयास मिळत नाही. आणि ज्याला दोष दिसतो त्याने तो माग पाहिलेला नसतो.

दोषाची जबाबदारी : या क्षेत्रातील अनेक यंत्रमागधारक स्वतःचे कापड विकत नाहीत. व्यापारी त्यांना सूत देतो व ते मजुरीवर कापड विणून देतात; इचलकरंजीत त्यांना ‘खर्चीवाले’ म्हणतात. मजुरीचा दर कापडातील आडव्या धाग्यांच्या घनतेवर, म्हणजे पिकांवर ठरतो. कापड नापसंत झाले की कपात प्रथम या मजुरीतून होते. वास्तविक दोष सुताचा असू शकतो, विणाईचा असू शकतो किंवा रंगाईचाही असू शकतो. मध्येच जाड झालेला धागा, कापसात मिसळलेला पोत्याचा प्लॅस्टिक तंतू किंवा रंगीत केस हे सुतातील दोष होत. तुटलेल्या ताण्यामुळे लांबवर पडलेली उभी रेघ, गळालेला बाणा, माग थांबवून पुन्हा चालू केल्यावर उमटणारी आडवी खूण व वंगणाचे डाग हे मागावरचे दोष होत. ठिपके, मध्यभाग व काठ यांतील छटेचा फरक, तिरपा झालेला बाणा हे बहुधा परिष्करणात उद्भवतात.

यांपैकी सर्वांत वादग्रस्त दोष आडव्या पट्ट्यांचा आहे. दोन वेगवेगळ्या खेपांचे सूत बाण्यात आले, तर कोरे कापड एकसारखे दिसते. रंगाईनंतर मात्र पन्हाभर फिकट व गडद पट्टे उमटतात. अशा वेळी विणकराने सूत मिसळले, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. सूत देतानाच दोन खेपा एका पेटीत आल्या असण्याचीही शक्यता तितकीच असते. जाणकार व्यवस्थापक दोन्ही पट्ट्यांतील बाण्याचे धागे उसवून त्यांचा क्रमांक, पीळ व तंतूंचे मिश्रण तपासून घेतो. दोन्ही सारखे निघाले तर ताण किंवा पिकांची घनता बदलली, म्हणजे दोष मागाकडे. वेगळे निघाले तर सुताच्या पेट्यांवरील खेप-क्रमांकांचा शोध घ्यावा लागतो. ही तपासणी काही तासांची असते. ती न करता केलेली कपात एखाद्या लहान यंत्रमागधारकाची अनेक दिवसांची मजुरी खाऊन टाकते, ही गोष्ट या व्यवसायात पुरेशा गांभीर्याने घेतली जात नाही.

तपासणी : कापड प्रकाशित तिरप्या फळीवरून सावकाश सरकवून पाहतात. मोठ्या खेपेतील सामान्यतः १० टक्के गुंडाळ्या तपासल्या जातात. सर्वत्र मान्य झालेल्या चार-गुण पद्धतीत ३ इंचांपर्यंतच्या (सु. ७·५ सेंमी.) दोषास १, ३ ते ६ इंचांच्या दोषास २, ६ ते ९ इंचांच्या दोषास ३ व त्याहून लांब दोषास ४ गुण देतात. एक इंचापर्यंतच्या छिद्रास २ व त्याहून मोठ्या छिद्रास ४ गुण असतात. एका वारात ४ पेक्षा अधिक गुण धरीत नाहीत. उदा., १०० मी. लांब व १५० सेंमी. पन्ह्याच्या गुंडाळीचे क्षेत्रफळ १५० चौ. मी. होते, तीत ३६ गुण भरल्यास १०० चौ. मी.ला २४ गुण पडतात. १०० चौ. वारांस ४० गुण ही अनेक करारांतील मर्यादा आहे. तीच संख्या चौरस मीटरला लावली तर मर्यादा प्रत्यक्षात बरीच कडक होते, कारण १०० चौ. वारांस ४० म्हणजे १०० चौ. मी.ला सु. ४८ गुण होत. एककाचा उल्लेख नसल्याने उद्भवणारे तंटे नवीन नाहीत. शिवाय ही पद्धत दोषांची संख्या सांगते, त्यांचे स्थान नव्हे. म्हणून प्रत्येक दोषासमोर काठाला चिठ्ठी लावण्याची प्रथा आहे. त्यामुळे बेतणी करणाऱ्यास तो भाग टाळता येतो.

वजन तपासण्यासाठी गोल कातरीने १०० चौ. सेंमी. तुकडा कापतात, त्याचे ग्रॅममधील वजन १०० ने गुणले की चौरस मीटरचे वजन मिळते. आटण्याची परीक्षा याहून महत्त्वाची आहे. कापडावर ५० सेंमी.चा चौरस आखून ते धुऊन वाळवितात. बाजू ४८·५ सेंमी. भरल्यास आटण ३ टक्के झाली. ४० सेंमी.ची कॉलर याच प्रमाणात ३८·८ सेंमी. होते आणि वरचे बटण लागेनासे होते. ग्राहकाला हे पहिल्या धुलाईनंतर, म्हणजे कारखान्याचा संबंध संपल्यावर कळते. सॅन्फर्ड क्लूएट या अमेरिकन संशोधकाच्या नावावरून ओळखली जाणारी सॅन्फोरायझेशनची प्रक्रिया कापड आधीच यांत्रिक रीतीने आटवून ठेवते. ती झाली आहे असे विक्रेत्याने सांगितले तरी परीक्षा टाळीत नाहीत. विणीच्या (होजिअरी) कापडात ताण साठलेला असतो, म्हणून ते बेतणीपूर्वी सु. एक दिवस सैल पसरून ठेवतात.

छटा : एकाच रंगाच्या दोन गुंडाळ्या क्वचितच तंतोतंत जुळतात. प्रत्येक गुंडाळीचा तुकडा काढून ते सर्व एकत्र शिवतात व ती गोधडी धुऊन ठरावीक प्रकाशात पाहतात. मग गुंडाळ्यांचे छटेनुसार गट पाडतात आणि एका कपड्याचे सर्व भाग एकाच गटातून, शक्यतो एकाच थरातून घेतात. भागांवर क्रमांक लावण्याचे कारण हेच. दुकानातील दिव्याखाली जुळणारी बाही व पाठ उन्हात वेगळी दिसू शकते, कारण वेगळ्या रंगद्रव्यांनी साधलेली छटा प्रकाशानुसार बदलते. सोलापूर येथील गणवेश-उद्योगात ही अडचण वर्षानुवर्षे पसरते : यंदाचा शर्ट गेल्या वर्षीच्या पाटलोणीशी आणि नव्या विद्यार्थ्याचा जुन्या विद्यार्थ्याशी जुळावा लागतो. त्यासाठी मान्य नमुना अंधारात जपून ठेवतात.

कापडाचा हिशेब : कागदावर किंवा संगणकावर नमुन्यांची मांडणी करून एका कपड्यास किती कापड लागेल ते काढतात. चांगल्या मांडणीत पन्ह्याच्या क्षेत्रफळापैकी ८० ते ८८ टक्के भाग वापरात येतो. समजा, १०,००० शर्टांना प्रत्येकी १·६ मी. याप्रमाणे १६,००० मी. कापड लागते, २ टक्के बचत झाल्यास ३२० मी., म्हणजे २०० शर्टांचे कापड उरते. अर्थात पन्हा कागदोपत्री १५० सेंमी. व प्रत्यक्षात १४७ सेंमी. निघाला, तर ही सर्व बचत तपासणीच्या टेबलावरच संपते. चौकड्या, पट्टे व लव असलेल्या कापडास दिशा सांभाळावी लागत असल्याने अधिक कापड धरतात.

साठवणीत गुंडाळ्या उभ्या न ठेवता आडव्या, जमिनीपासून उंच ठेवतात. पावसाळ्यात सुती कापडास बुरशी धरते. कोकणपट्टीत याची विशेष काळजी घ्यावी लागते. उरलेल्या तुकड्यांची नोंद ठेवणे हे कंटाळवाणे, पण नफातोटा ठरविणारे काम आहे. मोठ्या तुकड्यांतून लहान मुलांचे कपडे व खिसे निघतात. सुती कातरणांपासून हातकागद करतात. पुणे येथील हातकागद संस्थेत (स्थापना १९४०) या कच्च्या मालाचा उपयोग झाला आहे.

या पदासाठी वस्त्रतंत्राची पदवी वा पदविका पुरेशी मानतात. मुंबईची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था (१८८७) व इचलकरंजीची डी.के.टी.ई. संस्था (१९८२) येथे असे शिक्षण मिळते. कापडाच्या परीक्षा बाँबे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनसारख्या (१९५४) संशोधन संस्थांतून करून घेता येतात. लहान कारखान्यांत मात्र स्वतंत्र व्यवस्थापक नसतो. तेथे कटिंग मास्तर अंगठा व तर्जनीत कापड चोळून, काठ उजेडाकडे धरून आणि एक तुकडा रात्रभर पाण्यात भिजवून हेच निर्णय घेतो. त्याचा अंदाज बहुधा बरोबर असतो, पण त्याची नोंद राहत नसल्याने कपातीच्या वादात तो पुरावा म्हणून उभा राहत नाही.