लग्नसराईतले बोल्ड इटॅलिक

सकाळी दहा. बुऱ्हाणपूरच्या गांधी चौकाजवळचं आमचं डीटीपीचं दुकान उघडतं तोच लालबागचे एक काका पत्रिकेचा मजकूर घेऊन हजर. मजकूर मराठी; नवरा-नवरीची नावं, पत्ता आणि खालची एक ओळ तेवढी इंग्रजीत.

"भाऊ, सगळंच बोल्ड इटॅलिक करा. उठून दिसेल."

"काका, नावं तेवढी करू. सगळंच उठलं तर नजर थांबेल कुठं?"

टाइम्स न्यू रोमनमध्ये नावं टाकून पडद्यावर मोठी करून दाखवली. लंडनच्या वर्तमानपत्रासाठी 1932 साली आलेला हा टाइप. साध्या उभ्या टाइपात छोट्या 'ए'च्या डोक्यावर छत असतं, इटॅलिकमध्ये ते जाऊन एकच गोल पोट उरतं. 'एफ'ची शेपटी ओळीखाली उतरते. म्हणजे उभं अक्षर नुसतं वाकवलेलं नाही, हाताच्या लिखाणावरून नव्यानं काढलेलं आहे. व्हेनिसचा मुद्रक आल्डुस मानुशियस यानं 1501 साली व्हर्जिलची अख्खी पोथी तिरक्या टाइपात छापली, तेव्हा तो वाचायचाच टाइप होता. उभ्या मजकुरात एखाद्या शब्दावर जोर द्यायचं काम त्याला पुढं मिळालं.

साडेअकरा. आता काकांना मराठी मजकुरातली नावंही तिरकी हवीत. कोरल ड्रॉमध्ये अक्षर तिरकं करायला एक क्षण लागतो, पण परिणाम बघवत नाही. शिरोरेषा आडवीच राहते, काने मात्र एका बाजूला कलंडतात, गोलाई चेपते. बोरूचा जाड-बारीक तोल ज्या कोनावर उभा असतो, तोच मोडतो. मराठीत जोर द्यायचा तर टाइप जाड करावा, मोठा करावा, भोवती मोकळी जागा सोडावी. जवळच्या जामा मशिदीत 1590 चा संस्कृत शिलालेख आहे, अरबी लेखाच्या सोबतीनं. त्यातली नागरी ताठ उभी आहे आणि तिचा रुबाब कुठंही कमी नाही.

दुपारी दोन. कॉलेजची एक विद्यार्थिनी केळीवरचा प्रोजेक्ट घेऊन येते. शास्त्रीय नावं इटॅलिकमध्ये लागतात. मथळा आधीच बोल्ड, त्यात 'म्यूसा' आलं की त्या एका शब्दाला बोल्ड इटॅलिकच हवं. या टाइपाची इतकी चोख गरज दुसरीकडे क्वचितच दिसते.

चार. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याचा माणूस काकांच्या पत्रिकेचा नमुना आणतो. लाल खरबरीत कार्डावर सोनेरी शाई. साध्या इटॅलिकमध्ये टाकलेल्या पत्त्याच्या बारीक रेषा जागोजाग तुटल्यात, अक्षरांच्या टोकांचे सेरिफ तर जाळीतून उतरलेच नाहीत. बोल्ड इटॅलिकमधली नावं मात्र शाबूत, कारण त्याच्या बारीक रेषांनाही थोडं अंग असतं. पण खालच्या ओळीत लहान आकारात तेच वापरलं, तिथं छोट्या 'ई'चा डोळा शाईनं भरून गेलाय. ती ओळ मी उभी, साधी करतो. पत्ता उभ्या बोल्डमध्ये.

सहा वाजता शेजारच्या दुकानातून एक उर्दू पत्रिका तपासायला येते, इनपेज या उर्दू सॉफ्टवेअरमध्ये केलेली. उर्दूची नस्तालीक लिपी उजवीकडून डावीकडे उतरत जाते. तिचा उतार जन्माचाच, तिला इटॅलिक करायची वेळच येत नाही. तपासणं माझ्या आवाक्यातलं नाही, तारीख आणि वेळ सोबतच्या मराठी पत्रिकेशी जुळतात का तेवढं बघून परत देतो.

साडेसात. काका प्रूफ बघायला आले. चष्मा पुसून नावं दोनदा वाचली, मग पत्ता.

"पत्ता लगेच कळतोय," म्हणाले, आणि प्रूफवर सही केली.