बांधापलीकडचे बॉम्ब

माझा भाचा दुसऱ्या महायुद्धावरच्या संगणकीय खेळात हातबॉम्ब आणि रणगाडे उडवणारे सुरुंग भरतो आहे. कसबा पेठेतल्या आमच्या घरी परवा त्यानं विचारलं, ‘मामू, शिपायाला बॉम्ब किती देऊ?’ मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. मी नामदेव जाधवांची हकिगत सांगितली.

९ एप्रिल १९४५. इटलीतली सेनिओ नदी. नगर जिल्ह्यातल्या निमजचे जाधव मराठा पलटणीत निरोप्याचं काम करत. दोन जखमी सोबत्यांना त्यांनी एकेक करून पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप नेलं. मग मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले. हात जखमी झाला, बंदूक चालेना. ती टाकून हातबॉम्ब घेतले, आणखी दोन ठाणी उडवली. मध्येच साठा भरायला बांधाच्या माथ्यावर सरपटत गेले, पलीकडच्या सोबत्यांकडून बॉम्ब घेतले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

ब्रिटिश फौजेचा ‘छत्तीस नंबर’चा हातबॉम्ब बिडाचा, जवळपास पाऊण किलोचा. असे किती बाळगणार? खेळात मात्र खोक्यावरून चालत गेलं की खिसा भरतो.

‘मग सरपटायला लावू? खेळणारे कंटाळतील.’

‘कंटाळू देत,’ मी म्हणालो.

सरपटणं त्यानं कबूल केलंय. जखमीला उचलायचं बटण अजून बसवलेलं नाही.