बंड्याला जोडी हवी

अंगारकीला राजूरला कधी गेलाय का? भोकरदन तालुक्यातलं आपलं राजूर. जालन्याहून आणि आजूबाजूच्या गावांतून माणसं पायी चालत राजुरेश्वराच्या दर्शनाला येतात, रांगेत उभी राहतात, दूर्वांच्या जुड्या घेतात. आणि गणपती म्हटलं की उंदीरमामा आलेच! आज मात्र उंदीरमामांना जरा बसू द्या. आपल्याला बोलायचंय त्यांच्या एका लांबच्या पाहुण्याबद्दल. गुबगुबीत, बिनशेपटीचा, सारखं काहीतरी चघळणारा गिनीपिग.

लांबचा म्हणजे किती लांबचा? ऐकून गंमत वाटेल. कुरतडणाऱ्या प्राण्यांचं खानदान प्रचंड मोठं आहे. त्यात गिनीपिग ज्या शाखेवर बसलाय ती शाखा उंदरापेक्षा साळिंदराला जास्त जवळची. हो, तेच साळिंदर! रात्री रानात येऊन पिकं कुरतडणारं, ज्याचे काळे-पांढरे काटे बांधावर सापडले की आपण दप्तरात जपून ठेवतो ते. फरक बघायचा असेल तर पिल्लं बघा. उंदरीण विसेक दिवसांत विते आणि तिची पिल्लं गुलाबी, उघडी, डोळे मिटलेली असतात. गिनीपिगची आई दोन महिन्यांहून जास्त काळ पिल्लं पोटात वाढवते. ती बाहेर येतात तीच अंगभर केस, उघडे डोळे आणि तोंडात दात घेऊन. दुसऱ्या दिवशी गवत चघळायला लागतात! साळिंदराचं पिल्लूही असंच डोळे उघडे ठेवून जन्मतं.

हा पाहुणा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. पेरू, बोलिव्हिया या देशांत माणसांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलं. तिथे त्याला ‘कुई’ म्हणतात आणि तो ओरडतोही तसाच. महाराष्ट्रात तो काही काल-परवा आलेला नाही. मुंबईत प्लेगने थैमान घातलं होतं त्या काळात, १९०३ साली, राणीच्या बागेत प्लेगने दगावलेल्या एका गिनीपिगच्या अंगावर डॉ. लिस्टन यांना उंदरांवरच्या पिसवा सापडल्या. उंदीर मेला की पिसवा नवं घर शोधतात, असा त्यांना संशय आला. मग परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्रयोग झाले. पिसवांच्या खोलीत जमिनीलगत ठेवलेल्या गिनीपिगना प्लेग झाला, पण दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातला वाचला. कारण पिसूची उडी तिथवर पोचतच नव्हती. आज आपण ‘प्रयोगाचा गिनीपिग’ म्हणतो ना, त्या बिचाऱ्यांनी खरंच खूप सोसलंय.

आता आपल्या गोष्टीकडे येऊ. समजा, राजूरच्या एका घरात एक गिनीपिग आहे. नर. नाव बंड्या. पिंजरा ऐसपैस आहे, खायला भरपूर आहे, ताई-दादा लाड करतात. तरी तो कोपऱ्यात बसून राहतो. काय बिनसलंय त्याचं?

काही नाही. तो एकटा आहे.

रानातले त्याचे भाऊबंद कळपाने राहतात. एक चरतो, दुसरा कान टवकारतो. घार दिसली की सगळे एकदम गप्प, दगडासारखे स्थिर. आणि बोलतात किती! खाऊची पिशवी वाजली की मोठ्याने ‘कुई कुई’, खूश झाले की घशातल्या घशात बारीक घुरघुर, रागावले की दातांची कटकट. फार आनंद झाला तर जागच्या जागी हवेत टुणकन उडी मारून अंग झटकतात. एवढी सगळी भाषा आहे आणि ऐकणारं कुणी नाही, अशी बंड्याची गत झालीय.

तुम्ही म्हणाल, आम्ही आहोत की! आहात, पण तुम्ही शाळेत जाता आणि रात्री गाढ झोपता. गिनीपिग सलग झोपतच नाही. पाच-दहा मिनिटं डुलकी, मग खाणं, मग पुन्हा डुलकी, असं दिवसरात्र चालतं. रात्री दोन वाजता त्याच्याशी कोण बोलणार? काही जण सोबतीला ससा आणतात. ते तर मुळीच करू नका. सशाची मागची लाथ गिनीपिगला जबर लागू शकते, सशाला त्रास न देणारे काही जंतू गिनीपिगला आजारी पाडतात आणि दोघांचं बोलणं एकमेकांना कळत नाही ते वेगळंच. गिनीपिगला गिनीपिगच हवा.

मग मादी आणू या? थांबा, हिशेब करा. एका वेळी साधारण दोन ते चार पिल्लं. पिल्लं झाली की त्याच दिवशी आई पुन्हा गाभण राहू शकते. मुलगे तीन आठवड्यांचे आणि मुली महिन्याभराच्या झाल्या की त्यांचीही पुढची पिढी सुरू होऊ शकते. वर्षभरात घरात माणसांना जागा उरणार नाही! शिवाय मादी सहा-सात महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्यायली नसेल, तर तिची कंबरेची हाडं घट्ट होतात आणि नंतर बाळंतपणात जीवही जाऊ शकतो. उपाय आहे: बंड्याचं खच्चीकरण. बैलांचं करतात तेच, पण या चिमुकल्या जिवाला भूल देणं नाजूक काम असतं. त्यामुळे लहान प्राण्यांचा सराव असलेलेच डॉक्टर हवेत. ऑपरेशननंतरही सहा आठवडे त्याला मादीपासून लांब ठेवावं लागतं. एवढं जमलं तर ही जोडी सगळ्यांत सुखाची, असं जाणकार सांगतात.

नाही जमलं तर दुसरा नर. इथे मोठी माणसं लगेच मान हलवतात. “दोन नर? भांडून मरतील!”

खरंच मरतील का? जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठातले नॉर्बर्ट साख्सर आणि त्यांचे सोबती वर्षानुवर्षं गिनीपिगच्या वागण्याचा अभ्यास करत आले आहेत. त्यांना आढळलेली गोष्ट मला तरी सगळ्यांत नवलाची वाटते. काही नर मोठ्या गोतावळ्यात वाढले, काही एकेकटे. मोठे झाल्यावर त्यांची अनोळखी नरांशी गाठ घालून दिली. एकेकटे वाढलेले जोरदार भांडले, ताणाने बेजार झाले. गोतावळ्यात वाढलेले मात्र नव्या ठिकाणी, अनोळखी नरांमध्ये, माद्या समोर असतानाही फारसं न भांडता राहिले. ताकद सारखी, जात सारखी. मग फरक कुठे पडला? वयात येताना पहिल्यांना कुणी मोठा नर भेटलाच नव्हता. दुसऱ्यांना थोरल्यांनी हुसकावलं होतं, दात वाजवून दाखवले होते. कुठे पुढे व्हायचं आणि कुठे मागे सरायचं हे ते तिथेच शिकले. नीट वागणं गिनीपिगच्या रक्तात येत नाही, ते शिकावं लागतं!

हे शेतकऱ्यांच्या पोरांना नवीन नाही म्हणा. नवा गोऱ्हा औताला धरताना त्याला जुन्या, शांत बैलाशेजारी जुंपतात, दोन अडमुठे गोऱ्हे एका जुवाखाली देत नाहीत. बंड्याचंही तसंच करायचं. तो पोक्त, शांत असेल तर सहा-आठ आठवड्यांचं नर पिल्लू आणायचं. पिल्लाला धडे मिळतात आणि बंड्याला आपल्या जागेवर घाला आला असं वाटत नाही. पुढे पिल्लू तीन-चार महिन्यांचं झालं की आगाऊपणा करतं, तेव्हा थोडी कुरबूर होते. तिसरा नर मात्र आणू नका. दोघांचं जुळतं आणि एकाला बाहेर ढकलतात. आसपास मादीही नको, नुसत्या वासानेही दोस्ती मोडू शकते. आणि आणलेलं पिल्लू खरंच नर आहे ना, हे डॉक्टरांना दाखवून घ्या. लहानपणी ओळखणं अवघड असतं आणि विकणाऱ्याचाही अंदाज चुकतो.

पिल्लू आणलं की लगेच पिंजऱ्यात सोडायचं नाही. दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचं, म्हणजे खरूज, सर्दी असलं काही असेल तर कळतं. मग दोघांनाही अनोळखी असलेल्या खोलीत धुतलेली चादर अंथरायची, मधे गवताचा मोठा ढीग ठेवायचा आणि आपण बाजूला बसून बघायचं. ही खरी मजा. बंड्या कंबर हलवत, घशातून ‘घुर्रर्र’ करत पिल्लाभोवती सावकाश फेरी मारेल. पाठलाग होईल, हुंगाहुंगी होईल, एकमेकांच्या पाठीवर चढतील. घाबरू नका, ‘इथला दादा कोण’ ते ठरतंय. दातांची कटकट वाढली, मानेवरचे केस उभे राहिले, तर सावध व्हा. दोघं एकमेकांना चावे घेत गुंतले किंवा रक्त आलं, तर जाड टॉवेल टाकून वेगळं करा. हात मधे घालू नका, चावा तुम्हाला बसेल. काही तासांनी दोघं एकाच ढिगातलं गवत शेजारी शेजारी खाऊ लागले की समजा, जमलं. पिंजरा स्वच्छ धुऊन दोघांना एकदमच आत सोडायचं. आत सगळं दोन-दोन: दोन पाण्याच्या बाटल्या, दोन गवताच्या जागा, लपायला दोन घरं. त्या घरांना दोन-दोन दारं हवीत, नाहीतर एक जण दारात बसून दुसऱ्याला कोंडतो. पिंजरा चार फूट बाय अडीच फुटांहून लहान नको, मोठा असला तर बरंच.

राजूरचा बंड्या खाण्याच्या बाबतीत नशीबवान आहे. गणपतीच्या दूर्वा म्हणजे हरळीच, आणि ती त्याला चालते. फक्त फवारणी न झालेल्या जागची, धुऊन द्या. मोदक नाही हं! गाई-म्हशींचा लसूणघास मोठ्या गिनीपिगला रोज नको, त्यातल्या कॅल्शियममुळे मूतखडा होण्याची भीती असते. आणि एक खास गोष्ट. गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, अगदी आपल्यासारखंच. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघांनी गिनीपिगना नुसतं धान्य खायला दिलं, तर त्यांना माणसांसारखाच स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व कमी पडलं की होणारा आजार, झाला. म्हणून ढोबळी मिरची, कोथिंबीर रोज थोडी हवीच. जालन्याच्या मोसंबीची एखादी फोड कधीतरी चालेल, पण गोड आहे म्हणून रोज नको.

खरी काळजी उन्हाळ्याची. अँडीजच्या थंड हवेतला हा प्राणी आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो! तिशीच्या वर गेला तरी त्याला उष्माघात होऊ शकतो. पत्र्याच्या खोलीत, गच्चीवर तो ठेवूच नये. घरातली सगळ्यांत गार खोली, खेळती हवा आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली अंगाशी ठेवून द्यावी. तीही दोघांना दोन. एवढं जमणार नसेल तर गिनीपिग आणूच नका, हे मी स्पष्टच सांगते.

जोडी खरंच कामाला येते का? साख्सर यांच्या गटाने तेही मोजलं. नराला एकट्याने अनोळखी पिंजऱ्यात ठेवलं की रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की वाढणारं रसायन, झपाट्याने वाढतं. सोबत अनोळखी मादी दिली तरी जवळजवळ तेवढंच वाढतं. पण जिच्याशी त्याची घट्ट दोस्ती आहे ती शेजारी असली, तर खूप कमी वाढतं. कुणीतरी असून भागत नाही, ओळखीचं हवं.

हे स्वित्झर्लंडच्या सरकारने इतकं मनावर घेतलं, की २००८ पासून तिथे गिनीपिग एकटा ठेवायला कायद्यानेच बंदी आहे. पण त्यातून एक कोडं निघालं. गिनीपिग साधारण पाच ते सात वर्षं जगतो. जोडीतला एक गेला की उरलेल्यासाठी नवा आणायचा. मग जुना जातो आणि नवा एकटा पडतो. त्याच्यासाठी पुन्हा नवा... ही साखळी थांबवायची कुठे? तिथे एका बाईंनी युक्ती काढली: म्हाताऱ्या गिनीपिगला शेवटची वर्षं सोबत म्हणून त्या गिनीपिग भाड्याने देऊ लागल्या. काम संपलं की पाहुणा परत!

राजूरला अशी सोय कुठली असायला. पण जालन्यात किंवा संभाजीनगरात कुणा मित्राकडे गिनीपिग असतील, तर एक करता येईल. त्याच्या जोडीतला एक गेला आणि बंड्याचाही जोडीदार गेला, तर उरलेल्या दोघांनी कुणाच्या घरी राहायचं, हे दोन्ही घरांनी आत्ताच बोलून ठेवा. अर्थात चादर, गवताचा ढीग आणि जाड टॉवेल तेव्हाही लागेलच.